वाऱ्यावरची फेरी

शिरवळच्या कंपनीत आता मी काचेच्या खोलीत बसते. स्क्रीनवर जॉबचं, म्हणजे कापायच्या भागाचं, चित्र येतं, त्याच्या कडेवर एक टिचकी मारली की कटर कुठून कसा फिरेल ते कॉम्प्युटर स्वतःच लिहून देतो आणि वर रंगीत सिनेमाही दाखवतो. माझ्या हाताखालच्या पोरींना याचं काडीचं नवल नाही. मला मात्र साताऱ्याच्या एमआयडीसीतली ती पत्र्याची शेड आठवते, आणि एकदा आठवली की दिवसभर पाठ सोडत नाही.

मी सांगलीची. डिप्लोमा करून साताऱ्याला आले तेव्हा त्या शेडमध्ये काम करणारी मी पहिलीच मुलगी. "बघू सहा महिने," असं म्हणून मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. प्रोग्रॅम हातानं लिहायचे, शंभर पानी वहीत, पेन्सिलीनं. खोडरबर महिन्याला एक संपायचा. माझं नाक तेव्हा फार वर असायचं, कारण आकडेमोड मला येत होती आणि बाकीच्यांना येत नव्हती.

मशीन चालवायचे मामा. माणदेशातले, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. फौजेच्या वर्कशॉपात नोकरी करून आलेले. लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मशीन आलं तेव्हा त्यांनी पन्नाशीला टेकलेल्या वयात एकेक बटण डायरीत मराठीतून लिहून पाठ केलं होतं. त्या मशीनवर त्यांचा इतका जीव की दुसऱ्या कुणी पुसलेलंही त्यांना चालायचं नाही. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला म्याडम. त्यातली थट्टा मला कळायला महिना लागला.

वाकड्यातिकड्या कडेनं कटर कसा न्यायचा, हे कॉलेजात मी पाठ केलं होतं. समजलं ते मामांमुळे. त्यांनी ड्रॉइंगवर रुपया ठेवला आणि बोटानं कडेकडेनं फिरवला. "रुपयाची कड रेघंला लागाय पायजे. पर बोट कुटं हाय? मदी. बोटापासनं कडंपातूर किती, ते मशीनला आदी सांगायचं." प्रत्येक कटरला मशीनमध्ये नंबराचं एक घर असतं आणि त्या नंबरापुढं हे अंतर भरलेलं असतं. मशीन कटर बघत नाही, नंबर बघतं.

मामांची आणखी एक सवय होती. प्रोग्रॅम नवा असो की जुना, ते आधी कटर चार बोटं वर उचलून जॉबच्या वरून नुसताच हवेत फिरवायचे आणि वाकून, एक डोळा मिटून, त्याची कड बघायचे. याला ते वाऱ्यावरची फेरी म्हणत. मी कुरकुरले की म्हणायचे, "म्याडम, वारं कापलं तर मालक पगार कापत न्हाईत."

मग खंडेनवमी आली. मामांनी सगळे कटर मशीनमधून काढले, रॉकेलनं धुतले आणि लाल फडक्यावर ओळीनं मांडले. दरवर्षी पूजा तेच करायचे. यंदा हळदीकुंकवाची वाटी माझ्यापुढं धरली. "तुमी करा. तुमीच बोलाय शिकिवलंय मशीनला." मागं दोघंचौघं कुजबुजले, पण मामांपुढं तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. झेंडूच्या माळेखाली कटर दसराभर तसेच राहिले. इतका मान मला नंतर कुठंच मिळाला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. पूजा मी केली, तर कटरही मीच लावणार, अशी माझी ऐट. कुंकू पुसलं आणि कटर भराभर घरात बसवले. बारा मिलिमीटरचा कटर सोळाच्या घरात गेला आणि सोळाचा बाराच्या.

त्या दिवशी एका मोठ्या पंपाचं बिडाचं ओतीव कवच कापायचं होतं. गिऱ्हाइकाकडं तसं कास्टिंग एकच उरलेलं, त्यामुळं मालक सकाळपासून तीनदा येऊन गेले होते. मामा कटर वर उचलायला लागले तशी मी म्हणाले, "मामा, जुनाच प्रोग्रॅम आहे, कितीदा चाललाय. फेरी राहू द्या."

"म्हंता का?" ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मशीनला वाटत होतं आपल्याकडं आठाणे आहेत, आणि फिरत होता रुपया. बिडाची काळी भुकटी नेहमीपेक्षा जास्त पडतेय हे मामांनी पाहिलं आणि लाल बटणावर हात मारला. तोवर एक अख्खी बाजू दोन मिलिमीटर आत गेली होती. त्यांनी कटरकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं. नखांत अजून कुंकू होतं.

मालक धावत आले. "टूल कुणी लावले?"

मी बोटं मुठीत लपवली.

"म्या लावलं," मामा म्हणाले. "फेरी बी मारली न्हाई. घाई केली."

मालक त्यांना सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले आणि त्याच दिवशी त्यांना ड्रिल मशीनवर पाठवलं. दुपारी मी ड्रिलपाशी गेले. मी रडत होते. आत्ता जाऊन मालकांना खरं सांगते म्हणाले.

"गप बसा," मामा म्हणाले. "तुमचं सा म्हैनं अजून सरलं न्हाईत. आज तुमी गेला तर ह्या शेडात परत पोरगी येयाची न्हाई. माझी काय नोकरी जात न्हाई. मशीन गेलं. जाऊ द्या."

मी गप्प बसले. आधी नोकरी पक्की होऊ दे, असं मनाशी म्हणाले, मग मोठी ऑर्डर निघू दे, मग लग्न होऊ दे. शेडमध्ये दुसरी मुलगी आली, तिसरी आली. मामा ड्रिलवर भोकं पाडत राहिले. मशीनपुढून जाताना ते पाय जरा हळू टाकायचे, आणि ते दिसलं की मी वहीत मान घालायची. सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी भित्री होते, एवढंच.

ते रिटायर झाले तेव्हा फेटा, शाल, नारळ सगळं रीतसर झालं. मालक बोलायला उठले. "मामांनी आयुष्यात एकच जॉब घालवला," ते म्हणाले, "पण घालवला तो असा की अजून ध्यानात आहे!" सगळी शेड हसली. खुर्चीत फेटा सावरत मामाही हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.