गिरजाची विहीर आणि देवरामची दाढी

मी सापगावचा न्हावी, कान्हा. आसपासच्या गावांत कोणाच्या विहिरीला पाणी लागलं हे त्या मालकाच्या सोयऱ्यांच्याही आधी मला कळायचं. विहिरी खणणारा देवराम माझा शेजारी, आणि पाणी लागल्याशिवाय तो गालाला वस्तरा लावू देत नसे.

ही त्याच्या बापापासून चालत आलेली रीत. कुदळ मारायला निघायच्या सकाळी मी त्याचे गाल गुळगुळीत करून द्यायचे. मग तो मुरबाडच्या बाजूला कुठंतरी जायचा आणि महिनोनमहिने तिकडेच. परत यायचा तेव्हा दाढी छातीवर आलेली आणि हातात नव्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या. त्याच पाण्यानं मी ती दाढी उतरवायची. लोक पाणी पिऊन पारखतात, मी साबण लावून पारखतो. एकेका विहिरीचं पाणी असं जड, की घासून घासून माझा हात दुखायचा पण फेस म्हणून यायचा नाही. तसं मी तोंडावर सांगितलं की देवराम रागवायचा, जणू मी त्याच्या पोरीला नावं ठेवली.

पाणी लागलं की नाही हे मात्र देवराम ठरवत नसे, आणि मालकही नाही. ते त्या घरच्या बाईनं ठरवायचं. सकाळी विहीर तळापर्यंत उपसायची, कारण रात्रभर साचलेलं पाणी हिशेबात धरायचं नाही. दिवसभर खणणाऱ्यानं आत डोकावायचंही नाही. दिवेलागणीला बाईनं हंडा दोरानं खाली सोडायचा. हंडा गळ्यापर्यंत बुडून भरला तर ती म्हणणार, ‘लागलं.’ तळाला आपटून वाजला तर पुन्हा पहार. बाई ‘लागलं’ म्हणेपर्यंत दाढी नाही आणि दुसऱ्या गावात कुदळही नाही.

माणूस तसा आडदांड, बोलणं सगळं आरोळीत. सुरुंगाची वात पेटवून ‘पळा’ म्हणून ओरडण्यात जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? मीठ मागितलं तरी अर्धा पाडा झाडामागे लपायचा. पाण्याची जागा बघताना मात्र तो एकदम गप्प होई. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, उन्हाळ्यात गवत कुठं शेवटी वाळतं, एवढं बघत तो दिवसभर नुसता फिरायचा आणि शेवटी दाराच्या सोयीपासून सगळ्यात लांबची जागा दाखवायचा. मालक कुरकुरला की म्हणायचा, “पानी तुज्या दारात येनार नाय. तू तुजं दार तिकडं ने.” त्याच्या विहिरी म्हणून शेताच्या कोपऱ्यात नाहीतर ओहोळाच्या काठाला. बायका त्याला दुवा देत आणि शिव्याही देत, आणि दोन्ही त्याला पोचायचं.

त्याच्या स्वतःच्या घराला विहीर नव्हती. त्याची बायको गिरजा नदीवरून पाणी आणायची. चढाची वाट, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. गावभर हसू व्हायचं, पण देवरामला वेळच नसायचा. पावसाळ्यात तो घरी असे तेव्हा विहीर खणता येत नाही, आणि विहीर खणता येते तेव्हा तो दुसऱ्याच्या खड्ड्यात.

चीनची लढाई झाली त्या साली दिवाळीच्या सुमारास गिरजावहिनी त्या चढावर घसरली. हंडा खाली नदीपर्यंत गडगडत गेला आणि ती तिथंच बसली. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंबर धरली आहे, वर्षभर डोक्यावर ओझं नको. देवराम तेव्हा घाटाखाली कुठंतरी कातळात होता. त्याला निरोप पोचून आणि तिथलं पाणी लागून तो येईपर्यंत ठाकूरवाडीतली जानी तिला पाणी आणून देत होती. जानीचा नवरा पोश्या हा देवरामचा जोडीदार, त्यामुळे परकेपणाचा प्रश्न नव्हता. पण गिरजावहिनी मानी. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिताना ती असं तोंड करायची, की जणू काढा घेते आहे.

देवरामनं आल्या आल्या गालांवर वस्तरा फिरवून घेतला आणि कुदळ मारली ती थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. आम्ही बघतच राहिलो. तिथं ना उंबर, ना वारूळ. गवतसुद्धा दिवाळीतच पिवळं पडायचं. पोश्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की इथं खाली सगळा कोरडा कातळ आहे, खालच्या आंब्यापाशी खण. देवरामला हे कळत नव्हतं थोडंच? जन्मभर ज्या चुकीबद्दल त्यानं लोकांना झाडलं, तीच तो जाणून-बुजून करत होता. पोश्याला तो एवढंच म्हणाला, “आंब्यापासून हंडा कोन आननार? तिला उंबऱ्यात उभं राहून दोर सोडता आला पायजे.”

हिवाळाभर सुरुंग वाजले. पहिल्या बाराला आमच्या गल्लीतली म्हातारी चिनी आले म्हणून माळ्यावर चढून बसली आणि संध्याकाळपर्यंत उतरायला तयार नव्हती. मुरूम संपला, कातळ लागला, पहारी बोथट झाल्या. देवराम आणि पोश्या पांढरीफटक तोंडं घेऊन वर यायचे. दाढी कानाखाली, मग गळ्यावर, मग पहिल्या गुंडीपर्यंत. होळीच्या आधी तळाला ओल फुटली आणि थोडं थोडं पाणी जमू लागलं.

गिरजावहिनी तोवर बरीच हिंडती-फिरती झाली होती. त्या संध्याकाळी तिनं हंडा सोडला, आणि टण्ण. हंडा तळाला वाजला. ती म्हणाली, “नाय.”

सकाळी उपसल्यावर घरापुरतं पाणी निघे, ते ती भरून घेई. जानीला आता यावं लागत नसे. पण दिवसभरात नवं पाणी येत नव्हतं. देवरामनं मग आत उतरून डोंगराच्या अंगाला कातळात आडवं भोक पाडायला घेतलं. हातात लांब पहार, मागून पोश्याचा घण. काही दिवसांनी त्या भोकातून करंगळीएवढी धार सुटली. पोश्या वर येऊन नाचला. देवरामनं मला धोपटी घेऊन बसायला सांगितलं. मी वस्तरा परजून तयार. संध्याकाळी हंडा खाली गेला, आणि टण्ण.

असं रोज होऊ लागलं. रीतीप्रमाणे देवराम दिवसा विहिरीकडे फिरकत नसे, माझ्या ओट्यावर येऊन बसे आणि माझी गिऱ्हाइकं पिटाळून लावी. पाणी न लागलेल्या माणसाची ती छातीवरची दाढी बघून लोकांना आपली दाढी करायला लाज वाटायची. सकाळचा उपसा गिरजावहिनी तो उठायच्या आत उरकी आणि घरापुरतंच निघालं म्हणे, पण तो आत उतरला की त्याला भिंतीवर वरपर्यंत ओलीची रेघ दिसे. म्हणजे पाणी चढत होतं. मग जात कुठं होतं? एक दिवस तो माझ्याजवळ हळू आवाजात बोलला, तेव्हाच मी घाबरलो. त्याला वाटत होतं, त्याच्याच सुरुंगानं तळाचा कातळ तडकला आणि पाणी येतं तसं खाली निघून जातं. विहीर फुटकी निघाली.

इकडे मुरबाडच्या बाजूच्या वैशाखरे गावाहून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोपावर निरोप येत होते. तिथल्या ताराबाईंच्या घरची विहीर पावसाच्या आत व्हायला हवी होती. जागा देवरामनं आदल्याच वर्षी दाखवून ठेवलेली. पण दाढी होती तिथंच होती, आणि दाढी असताना कुदळ मारता येत नव्हती.

वैशाखात एका दुपारी मी देवरामला माझ्या ओट्यावर घोरत ठेवून त्याच्या घरी गेलो. त्याचीच तंबाखूची पिशवी आणायची होती. घराला वळसा घालून मागे आलो तर गिरजावहिनी कंबर ताठ करून, दोन्ही हातांनी सपासप दोर ओढत होती. पोहरा वर आला की गोठ्याच्या आडोशाला नेऊन ओतत होती. तिथं अळू वाढलं होतं, एकेक पान सुपाएवढं. शेजारी दोन केळी. सगळा गाव वाळून कोळ झालेला आणि तिथं नुसता श्रावण.

मला बघून ती दचकली नाही. पोहरा खाली ठेवून तिनं पदरानं घाम पुसला. मी विचारलं, वहिनी, हे काय चाललं आहे?

“कान्हाभावजी, त्याची दाढी उतरली की दुसऱ्या दिवशी तो वैशाखऱ्याला,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापास्नं उन्हाळ्यात माज्या हातची गरम भाकर खाल्ली का कदी त्यानं? यंदा खातोय. सांजचा उंबऱ्यात बसून बोलतो माज्याशी. सुरुंगाच्याच गोष्टी सांगतो, पन सांगतो. अजून थोडं राहू दे त्याला.”

न्हाव्याला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, असं लोक समजतात. मी ते पोटात ठेवलं. सोपं नव्हतं. रोज तो माणूस माझ्यासमोर बसून आपल्याच सुरुंगाला बोल लावायचा आणि मी दुसऱ्याच्या हनुवटीवर साबण फासत मान हलवायचो. मला वहिनीचं पटत होतं आणि त्याचं बघवत नव्हतं. घरी माझी बायको तानी विचारायची, तुम्हाला पित्त झालं आहे का?

मग एका संध्याकाळी हंडा वाजला आणि देवराम ओरडला नाही. त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि सांगितलं, उद्या ही विहीर बुजवायची. पोश्यालाही त्यानं सांगितलं की आता जोडीला दुसरा माणूस बघ. ज्याला स्वतःच्या बायकोच्या दारात पाणी धरून ठेवता आलं नाही, त्यानं वैशाखऱ्याच्या बायकांना कोणत्या तोंडानं पाणी दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. आता तो खणायला जाणार नव्हता, पुढच्या साली नाही आणि कधीच नाही. मी गिरजावहिनीकडे बघितलं. तिला हवं होतं ते तिच्या पदरात पडलं होतं. नवरा जन्माचा घरी. नुसतं गप्प राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी देवरामनं आणि पोश्यानं दगडांचा ढीग काठावर आणून टाकला. ऊन कलल्यावर चार शेजारी जमले, जसे मयताला जमतात. देवरामनं पहिला धोंडा उचलला तोच मागच्या दारात गिरजावहिनी हंडा घेऊन उभी राहिली. दोर आधीच बांधलेला.

ती म्हणाली, “ठेवा तो धोंडा. आधी माजा हंडा जाऊ दे.”

हंडा खाली गेला. आम्ही सगळे टण्ण ऐकायला कान देऊन उभे होतो. आवाज आला तो बुडबुडल्याचा. दोराला हिसका बसला आणि तो ताठ झाला. तिनं ओढायला घेतला तेव्हा पोश्या मदतीला धावला, पण तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. भरलेला हंडा तिनं स्वतः उंबऱ्यावर टेकवला. पाणी काठावरून सांडत होतं.

“लागलं,” ती म्हणाली.

देवराम विहिरीत वाकून बघत राहिला. पाणी बरोबर त्या ओलीच्या रेघेला भिडलं होतं. मग त्याची नजर हळूहळू गोठ्याच्या आडोशाला गेली. सकाळच्या उपशाचा पाट त्या बाजूला जात नव्हता, उलट्या अंगाला जात होता. अळवाची पानं वाऱ्यावर डुलत होती. त्यानं बायकोकडे बघितलं. ती दोर गुंडाळत होती आणि गुंडाळून झाला तरी गुंडाळतच होती.

“अळू झकास आलंय,” तो म्हणाला. एवढ्या हळू, की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

मी धोपटी उघडली, हंड्यातलं पाणी वाटीत घेतलं आणि साबण घासला. काय फेस आला! आख्ख्या तालुक्यात असा फेस देणारं पाणी मी बघितलं नव्हतं. कुंचला भरून मी पुढे झालो, तर देवरामनं माझा हात धरला.

“आज नको रे,” तो म्हणाला. “उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी गेलो तर दोघं उंबऱ्यात बसून अळूवडी खात होते. मलाही दिली आणि परत पाठवलं, उद्या ये. त्यानंतरही तेच. वैशाखऱ्याचा निरोप आला, त्याला उत्तर गेलं की पाणी लागलं आहे पण दाढी अजून व्हायची आहे. गावात लोक मला विचारू लागले, वस्तरा मोडला की काय?

शेवटी एका सकाळी गिरजावहिनीच माझ्या दारात आली, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. धोपटी उचलून मी तिच्यामागून गेलो. देवराम पाटावर येऊन बसला, चेहरा शाळेत निघालेल्या पोरासारखा. मी फेस लावला तरी तो मान वळवून तिच्याकडे बघत होता, म्हणून मला त्याची हनुवटी धरून ठेवावी लागली.

ती म्हणाली, “जाऊ दे आता त्याला. तिथल्या बायकापन चढावरनं पानी आनतात.”

मी वस्तरा चालवला. तिनं भाकरी बांधून दिली, अळूवड्या घातल्या, आणि सकाळच्या गाडीनं तो मुरबाडकडे गेला. संध्याकाळी मी त्या बाजूनं आलो तेव्हा ती मागच्या उंबऱ्यात एकटीच बसली होती. दुपारी तिनं उपसलं नव्हतं, त्यामुळे विहिरीत पाणी चांगलं चढलं होतं.