माश्या घरी गेल्यावर

एकाहत्तर-बहात्तर साली मी नागपुरात शिक्षिका होते आणि महाल भागातल्या एका घरात भाड्याने राहायची. घरमालक म्हातारे विणकर. मी त्यांना काकाजी म्हणे. जन्मभर मागावर बसून आणि पुढे मोतीबिंदूने त्यांची नजर गेल्यातच जमा होती. अंगणातली झाडं ते हातांनी आणि कानांनी सांभाळत.

कामिनीचं मोठं झुडूप होतं. शेजारच्या भिंतीच्या भोकात मधमाश्यांचं पोळं. कामिनी फुलली की सकाळभर झुडूप घुमत राही.

त्या वर्षी दिवाळीआधी काकाजी डोळ्याच्या ऑपरेशनला इस्पितळात गेले. कळ्या उमलू लागल्या होत्या आणि कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड पडली होती.

"औषध कळ्या यायच्या आतच माराले पायजे होतं," जाताना ते म्हणाले. "आता लईच वाढला तं सांजच्याले मारजा बाई. घुमणं बंद झालं का समजा, माश्या घरी गेल्या. मंगच."

रविवारी मावा खोडापर्यंत उतरलेला दिसला. संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे यायचे होते. तेव्हा अंगणात औषधाचा वास नको, म्हणून मी सकाळी दहालाच पंप उचलला. माश्या फुलांवर होत्या. उडून जातील, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी जमिनीवर त्या गोलगोल फिरत होत्या. काही भिंतीपर्यंत सरपटत पोचल्या आणि भोकाच्या तोंडाशी पडल्या. मी झाडू घेऊन गोळा करत असताना काकाजींची सून इस्पितळातून त्यांचा डबा न्यायला घरी आली. दारात थांबली, जमिनीवरच्या माश्यांकडे पाहिलं आणि आत गेली.

काकाजी परतले ते डोळ्याला पट्टी बांधून. दुसऱ्या सकाळी खाट कामिनीजवळ टाकून बसले. फुलं तशीच होती, वासही तसाच.

"काहून बाई, माश्या नाई आल्या आज?"

"ढग आहेत ना, काकाजी."

ते रोज विचारत. मी कधी ढग सांगितले, कधी वारा. त्या सुन्या अंगणातून शाळेत जाताना माझी पावलं आपोआप भराभर पडत. वर्गात मुली पाठांतराला लागल्या की त्या गुणगुणीने अंगावर काटा येई.

दीड वर्षाने उमरेडला बदली झाली. सामान रिक्षात ठेवून मी काकाजींच्या पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं.

"हव," ते म्हणाले. "सुनेनं सांगतलं होतं मले, इस्पितळातच."

"मग रोज का विचारत होता?"

"तुम्ही सांगान म्हनून."

ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी माझ्याकडे वळवला. त्यात राग नव्हता. मी रिक्षात जाऊन बसले. अजूनही कधी सकाळी दहाच्या उन्हात मला त्यांचा प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर द्यायच्या आधी मी आभाळाकडे बघते.