नाही सांगणारे खासदार

दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक इंग्रज शिक्षिका राहते. दर हिवाळ्यात तिचे वडील दोहाला येतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, आणि संध्याकाळचा चहा मात्र आमच्याकडचा, आलं घातलेला. मला मराठीत उत्तर द्यायचा कंटाळा करणारी आमची पोरं त्यांना बिनदिक्कत 'आजोबा' म्हणतात. हे आजोबा गेल्या शतकात ब्रिटनच्या संसदेत खासदार होते, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

खासदार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गाड्यांचा ताफा आला. आजोबांचं प्रकरण निराळंच. मतदारसंघ कोळशाच्या खाणीवर जगणारा. मंत्रिपद कधी मिळालं नाही, आणि आपलं एकही भाषण कुणाला आठवत नाही, हे ते स्वतःच हसत सांगतात. पण दर शनिवारी सकाळी गावच्या वाचनालयात टेबल टाकून बसायचे. येईल त्याचं ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि पुढच्या शनिवारच्या आत उत्तर द्यायचं. काम झालं तरी, नाही झालं तरी.

मला याचं भारी कौतुक वाटलं, कारण मीही शुक्रवारी असंच बसते. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कँटीनमध्ये आपल्याकडच्या कामगारांना अर्ज लिहून देते. त्याबद्दल स्वतःवर जरा खूशही असते.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीकडचा एक वेल्डर आला. आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, रजा हवी होती. मी झकास अर्ज लिहिला, खाली माझा नंबर दिला. चार दिवसांत त्याच्या ऑफिसातून मला फोन आला, सध्याचं काम संपेपर्यंत रजा मिळणार नाही. शुक्रवारी तो समोर उभा राहिला आणि माझी जीभच रेटेना. म्हटलं, "बघू, होईल इन्शाल्ला." पुढच्या शुक्रवारीही तेच. तोंडावर नाही म्हणून माणसाला कशाला दुखवायचं, ही आपली रीत. मी तिला माया समजत होते.

आजोबांना सांगितलं, तर कप खाली ठेवून ते चक्क चिडले. "त्याचं उत्तर तू स्वतःकडे ठेवून घेतलंस," म्हणाले. मग त्यांची शेवटची निवडणूक सांगितली. खाण बंद झाली होती. पक्षाचे लोक म्हणत होते, पुन्हा सुरू करू असं सांगा, मतं मिळतील. यांनी भर सभेत सांगितलं, ती सुरू होणार नाही, दुसरं काम शोधू या. लोक शिव्या देत उठून गेले. आजोबा पडले.

"मग?" मी विचारलं.

"मग शनिवार आला. सहा जणांना वेळ दिलेली होती. खासदार नव्हतो, पण गेलो."

"ते आले?"

"सहाही आले."

त्या म्हाताऱ्यापुढे मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. वेल्डर आल्याआल्या मी सांगून टाकलं. रजा नाही, आणि हे मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे.

तो म्हणाला, "ताई, आईनं ऑपरेशन थांबवून ठेवलंय. पोरगा येतोय म्हणून."

त्याने तिथेच, माझ्यासमोर घरी फोन लावला. "आई, मी नाय येत. नाय, खरंच नाय. तू उद्याच अ‍ॅडमिट हो."

ऑपरेशन नीट पार पडलं. मधल्या दोन आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं, आणि ते माझ्या मायेमुळे झालं असतं.

तो आता माझं तोंडही बघणार नाही, असं मी धरून चालले होते. महिन्याभराने तो एका नव्या माणसाला घेऊन कँटीनमध्ये आला. त्याला माझ्यासमोर बसवत म्हणाला, "हिलाच विचार. ही नाय असेल तर नाय म्हणून सांगते."