जरासा डुलणारा तारा

अंबडच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपतात. माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ तेवढा जागा असतो. आठ तास शाफ्ट फिरवत डायलचा काटा किती हलतो ते बघायचं, हे त्याचं काम. डोळे लाल झालेले असतात, तरी मोबाइलवर लांबच्या ताऱ्यांबद्दल वाचतो आणि मी ऐकतोय का हे न बघताच सांगत राहतो. खिडकीची जागा मात्र सात वर्षांत त्याने कुणालाही दिलेली नाही.

"आपल्या सूर्यासारखाच तारा हाय, भाऊ. त्याच्याभोवती ग्रह फिरतात, पण ते दिसत नाय. मग कळतं कसं? तारा जरासा डुलतो. ग्रह ओढतो ना त्याला."

"डुलू दे," मी एकदा वैतागून म्हणालो. "इथं माझी कंबर गेलीय." तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मागच्या सोमवारी मात्र त्याने मोबाइल काढलाच नाही. त्रिमूर्ती चौक मागे पडल्यावर हळूच म्हणाला, "आठवडा झाला, भाऊ. कॅन्टीनमध्ये डबा उघडता नि तसाच बंद करता. घडीघडी फोन बघता. घरी कोण आजारी हाय?"

बायकोच्या गाठीचं मी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. उठला, मला खिडकीकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला, बसमधल्या कुणाला माझा चेहरा दिसू नये असा.