पापडीच्या ओट्यावरची दोन मशीनं

माणिकपूरच्या एका दुकानातून नवऱ्याने मला विजेवरचं पांढरं शिलाई मशीन आणून दिलं, तेव्हा आम्हाला वसईत येऊन दोन वर्षं झाली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मशीन हलकं होतं, एका हाताने उचलता यायचं. पुढे एक चकती होती. ती फिरवली की टाका बदलायचा. नागमोडी, पानाफुलांचा, काजाचा. पहिल्या आठवड्यात मी घरातल्या एकूण एक रुमालाला नक्षी काढली, मग उशीच्या अभ्र्यांना. आता माझे बनियन तेवढे सोड, असं नवरा म्हणाला.

मग फलटणहून आईने जुन्या सुती साड्या पाठवल्या आणि मी गोधडी शिवायला घेतली. आमच्याकडे गोधडी हाताने शिवतात, महिना महिना लागतो. मला वाटलं, मशीन आहे, चार दिवसांत उरकेल. पहिल्याच ओळीला सुई मोडली. दुसरी घातली, तर वरचा थर पुढे सरकत गेला आणि त्याला चुण्या पडल्या. कापड उलटून पाहिलं, तर खाली दोऱ्याचा गुंताच गुंता. तो उसवण्यात माझे तीन दिवस गेले. शेवटी मशीन पिशवीत घालून दुकानात नेलं. दुकानदाराने एका चिंधीवर सुरेख टीप मारून दाखवली आणि मशीनमध्ये काही दोष नाही म्हणाला. कोपऱ्यात बसलेल्या मेकॅनिकने मान वर न करता सांगितलं, की जाड कामाचं विचारायचं असेल तर पापडीला जा, तिथे एक मावशी लहान मुलींचे फ्रॉक शिवतात, त्यांना सगळं कळतं.

मावशींचं घर पानवेलीच्या वाडीला लागून होतं. साठीच्या आसपासच्या, लाल लुगडं नेसलेल्या. ओट्यावर त्यांचं पायाने चालवायचं काळं मशीन होतं, त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला निम्मीच समजायची. माझ्याशी मात्र शाळेत शिकलेलं मराठी सावकाश बोलायच्या. माझी गोधडी त्यांनी हातात घेतली, चुण्यांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, आधी हाताने दोरे घातले होतेस का. मी नाही म्हटलं.

"मग ती सरकणारच, बाय. तिला धरलंय कोणी?"

त्या दुपारी आम्ही ओट्यावर चटई टाकली आणि सगळे थर ताणून, वीतभर अंतरावर हाताने लांब लांब टाके घातले. त्यांनी आपल्या काळ्या मशीनला जाड सुई लावली, टाका मोठा केला, कापडावरचा दाब कमी केला. दोन्ही बाजूंनी गोधडीची वळकटी केली, की मधली पट्टी तेवढी उघडी राहते. टीप मधून सुरू करायची आणि कडेकडे जायचं, म्हणजे फुगवटा बाहेर निघून जातो. हे सगळं त्या सांगत कमी होत्या, करून जास्त दाखवत होत्या. पायाने मशीन चालवायला मला दोन आठवडे लागले. चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. पण एकदा लय सापडल्यावर त्या मशीनने चार थर सहज घेतले.

त्यानंतर दर गुरुवारी मी पापडीला जायला लागले. मी गोधड्या शिवायचे, त्या फ्रॉक. गावातल्या ख्रिस्ती मुलींच्या पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीचे, पांढरे फ्रॉक बहुतेक त्यांच्याकडेच यायचे. मशीन एकच असल्याने आम्ही आळीपाळीने बसायचो. अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग एका गुरुवारी ओट्यावर कोणी नव्हतं. सुनेने सांगितलं, मावशींना अर्धांगवायूचा झटका आलाय, दवाखान्यात आहेत. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. बोलणं जवळजवळ सुधारलं होतं. उजव्या हाताची पकड सैल झाली होती आणि उजवा पाय अजिबात उचलत नव्हता. कम्युनियन दोन महिन्यांवर आलं होतं आणि कपाटात अकरा फ्रॉकांचं कापड मापांच्या चिठ्ठ्यांसकट पडून होतं. मुलगा म्हणाला, कापड परत देऊ, लोक समजून घेतील. त्याचं चुकत नव्हतं. आईची त्याने रजा काढून सेवा केली होती, तिला आणखी शीण व्हावा असं त्याला वाटत नव्हतं. मी निघताना मावशी एवढंच म्हणाल्या, की काळ्या मशीनवर कापड टाकून ठेव, मला ते दिसायला नको.

रिक्षात बसल्यावर मला माझं पांढरं मशीन आठवलं. वर्षभर ते कपाटावर पडून होतं. त्याच्या पायडलला एकाच पायाचं काम होतं, आणि तो डावा असला तरी त्याला काय फरक पडणार होता?

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेले. मावशींनी डावा पाय ठेवला आणि मशीन असं पळालं, की कापड त्यांच्या हातून निसटून खाली गेलं. त्या घाबरल्या. हे मला आवरायचं नाही, घेऊन जा, म्हणाल्या. मग सुनेनेच रबरी चपलेचा एक तुकडा कापून पायडलखाली सरकवला. आता ते अर्ध्यावरच दाबलं जायचं. मशीन हळू, एकसारखं चालायला लागलं. उजवा हात त्यांनी कापडावर वजनासारखा ठेवला आणि डाव्याने कापड सरकवलं. पहिली टीप वाकडी गेली. ती त्यांनी मला उसवायला लावली. दहाव्या टिपेला त्या माझ्याशी बोलायचं विसरल्या, तेव्हा मी निश्चिंत झाले.

त्या महिन्यात ओट्यावर दोन मशीनं समोरासमोर होती. मी नोकरी करत नव्हते, नवऱ्याच्या डब्याचं उरकलं की निघायचे. सरळ शिवण मावशी पांढऱ्यावर घालायच्या, झालरी मी काळ्यावर. वीज तर रोजच जायची. ती गेली, की मावशींना थांबावं लागायचं. मग त्या खुर्ची माझ्याकडे वळवून घ्यायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. माझ्या दोन फ्रॉकांच्या झालरी त्यांनी पुन्हा घालायला लावल्या. मी चिडले होते, बोलूनही गेले, की कोण बघतंय एवढं. त्यावर त्या म्हणाल्या, "ती मुलगी बघेल. ती हा फ्रॉक जपून ठेवणार आहे."

अकराच्या अकरा फ्रॉक वेळेत झाले. कम्युनियनला मुलाने त्यांना चाकांच्या खुर्चीवरून चर्चमध्ये नेलं. मीही मागच्या बाकावर बसले होते. मुली दोन रांगांत पुढे जाताना सगळे त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मावशींची नजर मात्र झालरींवर होती.

पुढच्याच गुरुवारी त्यांनी मला काळं मशीन घेऊन जायला सांगितलं. मुलाला ते रुचलं नाही. आजोबांनी दिलेली वस्तू आहे, घरातच राहू दे, म्हणाला. मलाही ते घेणं जड वाटत होतं.

"घरात राहून ते गंजेल," मावशी त्याला म्हणाल्या. "मला ते चालतं राहायला हवं, ते आता हिच्याकडे चालेल. आणि हिचं माझ्याकडे."

रविवारी मुलगा स्वतःच टेम्पो घेऊन आमच्याकडे आला आणि दोन माणसांबरोबर स्वतः हात लावून त्याने मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवलं. खिडकीजवळ जागा त्यानेच निवडली. चहा घेऊन उठताना त्याने माझ्याकडून आठवड्याला तेल घालायचं कबूल करून घेतलं. पांढरं मशीन पापडीला राहिलं, याबद्दल माझ्या नवऱ्याने दोन दिवस कुरकुर केली, मग सोडून दिली.

मावशी त्यानंतरही बरीच वर्षं शिवत होत्या, कमी, पण शिवत होत्या. मी त्यांच्यासाठी एक गोधडी शिवली, निळ्या आणि करड्या तुकड्यांची, माझ्या हातून झालेली सर्वांत नीट. त्यांनी ती मांडीवर घेतली, छान झाली म्हणाल्या आणि घडी करून ठेवली. महिन्याभराने कळलं, की त्यांनी ती नातीला दिली. ती नर्सिंग शिकून परदेशी नोकरीला निघाली होती. मला जरा लागलं. मी ती त्यांच्या पायांसाठी शिवली होती. त्यांना ते कळलं असावं. माझ्याकडे वसईची हवा आहे, तिच्याकडे बर्फ आहे, असं त्या म्हणाल्या.

थंडी संपता संपता एका गुरुवारी मी तिथे असतानाच नातीचा फोन आला. तिने गोधडी तिथल्या धुण्याच्या मशीनमध्ये टाकली होती आणि कोपऱ्यातली एक ओळ उसवली होती. शिवणयंत्र तिच्याकडे नव्हतं. मी तिला सुईत दोरा दुहेरी घे, आतून सुरू कर, असं सांगायला लागले. मावशींनी डावा हात पुढे करून फोन मागितला आणि त्यांच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. सून आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. नात तिकडे सुई हातात घेऊनच बसली होती बहुतेक, कारण मावशी मधेच थांबायच्या, तिचा टाका होईपर्यंत वाट बघायच्या आणि मग पुढचा सांगायच्या.