मारोतीनं कागद माझ्याच पुढ्यात ठेवला

सांगायची लाज वाटते, पण मारोतीरायाजवळ जे मागितलं ते इथं लपवलं तर हा अनुभवच खोटा ठरेल. दर शनिवारी मी वस्तीतल्या लिंबाखालच्या मारोतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ वाहतो. इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नाही, याचा मला मोठा गर्व होता. गेल्या उन्हाळ्यात मागितलं, आणि तेही दुसऱ्याचं वाईट.

शेजारच्या सुदामची नात चैताली सरकारी विमानाची पायलट म्हणून निवडली गेली. सुदाम आणि मी सोनेगावच्या विमानतळावर ठेकेदाराच्या हाताखाली धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचो. दोघांचं ऊन एक, दोघांचा विळा एकाच लोहाराचा. मग त्याच्याच घरी हे काहून व्हावं? माझा नातू पोलीस भरतीला तीनदा गेला, तीनदा छातीत थोडक्यात कमी भरला. आणि सुदाम रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन सांगायचा. आज तिचे डोळे तपासले, आज कान, आज शाळेपासूनचे सगळे दाखले पाहिले. "काय गा, ज्या पट्टीच्या कडेनं आपण गवत कापलं, तिच्यावर आता माही नात विमान उतरवणार!" असं म्हणून पाठीवर थाप मारायचा. ती थाप मला दुसऱ्या दिवसापर्यंत दुखायची.

आता फक्त पोलिसांची पडताळणी आणि शेवटचं मेडिकल राहिलं, असं तो म्हणाला, त्यानंतरच्या शनिवारी मी मारोतीपुढं उभा राहिलो. पोरीचं वाटोळं कर, असं म्हणायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, "देवा, तिचा एखादा कागद अडकू दे." आणि शेंदराचा टिळा लावून घरी आलो, जसं काही पुण्यच करून आलो.

ओट्यावर टेकलो तोच एक हवालदार मोटरसायकल उभी करून आला. सुदामच्या दाराला कुलूप होतं, आजा-नात मेडिकलसाठी मुंबईला गेले होते. हवालदार म्हणाला, "बाबाजी, या पोरीच्या चारित्र्याबद्दल दोन शेजाऱ्यांचा जबाब लागते. एक झाला. दुसरं कोणी घरी सापडूनच नाही राहिलं. सोमवारी अहवाल गेला नाही तर तिची रुजू व्हायची तारीख हुकते. तुम्ही ओळखता का तिले?"

कपाळावरचा शेंदूर अजून ओला होता, आणि मी मागितलेला अडथळा मारोतीनं आणून माझ्याच पुढ्यात ठेवला होता. 'माहीत नाही' म्हटलं की काम झालं. आणि मी म्हणालो. खरंच म्हणालो. "मले नाई माहीत. मोठे लोक झाले ते."

हवालदारानं रुमालानं मान पुसली, दोन ओळी खरडल्या आणि शाईचं पॅड उघडून माझ्यापुढं धरलं. "बरं बाबाजी, इथं अंगठा द्या."

अंगठा! माझ्या अंगाची आग झाली. "अंगठा काहून? सही येते मले!" म्हणत मी त्याच्या हातचा पेन ओढला, पहिलं अक्षर काढलं, आणि हात तिथंच थांबला. हे अक्षर मला चैतालीनंच शिकवलं होतं. ती तेव्हा तिसरीत होती. हजेरीपटावर अंगठा लावून मी निळं बोट मुठीत लपवत घरी यायचो, ते त्या पोरीनं पाहिलं. पाटी घेऊन ती याच ओट्यावर बसली आणि माझं बोट धरून महिनाभर गिरवून घेतलं. मी चिडलो की म्हणायची, "आबाजी, रागावता काहून? पुन्हा काढा." सुदामजवळही ती हे कधी बोलली नाही. चारित्र्य म्हणजे आणखी काय असते?

"हे फाडा जी," मी हवालदाराला म्हणालो. "खोटं बोललो मी. नवीन कागद घ्या, सांगतो."

त्यानं पहिला कागद फाडला. मग हसला, "बाबाजी, तुम्ही तर आमच्याहून कडक निघाले," आणि त्यानं दुसरा कागद काढला. मी बराच वेळ सांगत होतो. शेवटी सावकाश, पूर्ण सही केली. कोपऱ्यावर माझ्या बोटाचा शेंदूर लागला. हवालदार तो डाग पुसायला गेला, निघाला नाही. "राहू द्या," म्हणाला.

रुजू व्हायला निघाली तेव्हा चैताली पाया पडायला आली. मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, तुहा कागद अडकव म्हणून मी मारोतीले म्हटलं होतं."

ती हसली. "मंग आबाजी, मारोतीनं तुमचं ऐकलं नाही तर!"

"ऐकलं वं," मी म्हणालो. "पुरं ऐकलं. म्हणून तर वाचलो."

हेवा अजून पुरता गेलेला नाही. विमानाचा आवाज आला की सुदाम वर पाहतो, आणि माझ्या पाठीत ती थाप दुखते. पण शनिवारी आता मी तेल वाहतो आणि गप्प उभा राहतो. काय द्यायचं, काय अडवायचं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं माझा सहीचा गर्वसुद्धा कामी आणला, एवढे त्याचे उपकार. हे मी सांगितलं आणि माझ्या नातवानं लिहून घेतलं. खाली सही मात्र माझी आहे.