पेडणेकर सरांनी मागे घेतलेली शिफारस

प्रा. दिगंबर पेडणेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडच्या आमच्या कॉलेजात, अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कर कोण भरतं?" एकही हात वर गेला नाही. त्यांची नजर माझ्यावर थांबली, तेव्हा मी म्हटलं, "सर, गिरणी बंद पडल्यापासून माझे बाबा घरीच आहेत. आमच्याकडे कर भरण्याइतकं काही नाही."

"आज दात घासलेस ना? त्या पेस्टवर कर होता. म्हणजे सरकारला पैसे देऊनच तू वर्गात आलीस. आता त्या पैशांचं काय झालं, हे विचारायला शीक."

भांडुपच्या चाळीत वाढलेल्या मला असं विचारायचा हक्क आहे, हे त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. पुढे मी त्याच विषयाची प्राध्यापक झाले, ती त्या एका तासामुळे.

सरांचा स्वभाव काटकसरीचा, आणि सरकारनेही तसंच वागावं हा त्यांचा आग्रह. एकदा त्यांच्याच गल्लीतले धड असलेले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवायला सुरुवात झाली. शेजारी खूश होते. सर मात्र रस्त्यात उभे राहून कंत्राटदाराशी वाद घालत होते. "काका, तुमच्याच दारातलं काम आहे ना, कशाला अडवताय?" असं तो कळवळून विचारत होता. काम थांबलं, आणि काही शेजाऱ्यांनी सरांशी बोलणंही थांबवलं. सरांनी ते हसत सोसलं.

म्हणूनच पुढचा प्रसंग मला सविस्तर सांगायचा आहे. चार-पाच वर्षांपूर्वी उपनगरातल्या सार्वजनिक खर्चाचा फेरविचार करायला एक समिती नेमली गेली. सर तिच्यावर होते आणि मी त्यांना मदत करत होते. आमच्या वस्तीच्या चढावर एक छोटं प्रसूतिगृह होतं. तिथे बाळंतपणं कमी आणि खर्च जास्त, तेव्हा ते बंद करून मोठ्या रुग्णालयात विलीन करावं, अशी शिफारस सरांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

माझी वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि तिचं नाव तिथेच घातलेलं होतं. सरांना सांगायचं तर स्वार्थ दिसणार, न सांगावं तर मन खाणार. दोन-तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरले. शेवटी एका रविवारी बोललेच.

"सर, वहिनीमुळे बोलतेय असं वाटेल, पण मला हे पटत नाही. तिथे भूल देणारे डॉक्टर होते, ते निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच नाही. म्हणून जरा अवघड केस आली की पुढे पाठवतात. बायका कमी झाल्या त्या त्यामुळे."

सर ताडकन उठले. चिडले, असंच मला वाटलं. मग चप्पल पायात सरकवत ते म्हणाले, "चल, बघून येऊ."

रिक्षावाल्याने आम्हाला चढाच्या पायथ्याशी उतरवलं. गुडघे दुखत असताना सर ती चढण थांबत थांबत चढले. दारात दिवस भरत आलेली एक बाई बसली होती. सरांनी तिला मोठ्या रुग्णालयाबद्दल विचारलं. "कसं जाणार काका? रिक्षा वर येतच नाय. इथं निदान चालत तरी येते," ती म्हणाली. उतरताना सर एवढंच बोलले, "मी इथे आधीच यायला हवं होतं गं."

समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "ही शिफारस माझी होती. ती चुकली. मी ती मागे घेतो."

एक सदस्य म्हणाले, "सर, जन्मभर काटकसर शिकवलीत आणि आता तुम्हीच?"

"आजही तेच सांगतोय. डॉक्टर न देता नुसती इमारत पोसणं ही उधळपट्टी आहे. डॉक्टर द्या. मग वर्षाने जाब विचारा, मीही विचारेन."

निर्णय यायला वेळ लागला. ते दिवस आमच्या घरात फार जड गेले. अखेर प्रसूतिगृह राहिलं आणि भूलतज्ज्ञही आले. वहिनीचं ऐन वेळी सिझेरियन करावं लागलं, ते तिथेच झालं. मुलगी झाल्याचं कळवायला मी सरांना फोन केला, तर मला हुंदकाच आवरेना. "अगं, आई बरी आहे ना? आधी ते सांग," सर ओरडले. "दोघी बऱ्या आहेत, सर," म्हटल्यावर पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. माझ्या उरावरचंही ओझं त्याच क्षणी उतरलं.

गेल्या वर्षी सरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता ते रोज सकाळी फिरायला जातात आणि माझ्या लेखांतल्या चुका फोनवरून सांगतात. त्यांचा आवाज कानावर पडला की बरं वाटतं. सर, पंचाहत्तरी सुखरूप गाठलीत, आमचा जीव भांड्यात पडला. औषधं चुकवू नका, गुडघ्यांना जपा. ठणठणीत राहून शंभरी गाठा, आणि तोवर आम्हाला असंच बिनधास्त तुमच्याशी भांडू द्या.